स्कूल बोर्ड की सिटी कौन्सिल : दोन्हीकडे अर्ज भरावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी मूळचा सांगलीचा. गेली एकोणीस वर्षे टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात राहतो आणि आठ वर्षांपूर्वी अमेरिकेचा नागरिक झालो. दोन्ही मुले इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये आहेत. दोन वर्षे मी मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. गेल्या वर्षी शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलांची शाळा बदलली. त्या विषयावरच्या पाचही सभांना मी गेलो आणि दोनदा मिळालेल्या तीन-तीन मिनिटांत बोललोही. शाळेचे अंदाजपत्रक, शिक्षकांची गळती, दिवाळीची सुट्टी यांवर मी वाचत असतो. शिवाय रस्ते आणि पाण्याचा निचरा हेही विषय आहेतच. येत्या मे महिन्यात स्कूल बोर्डाची एक आणि सिटी कौन्सिलची एक अशा दोन जागांसाठी एकाच दिवशी मतदान आहे. मित्र म्हणतात, दोन्हीकडे अर्ज भर. दोन्हीकडे आलास तर एक सोड. भारतात नेते दोन मतदारसंघांतून उभे राहतात, आणि टेक्ससच्याच लिंडन जॉन्सन यांनी एकाच दिवशी दोन निवडणुका लढवल्या होत्या, असे ते दाखले देतात. पत्नी म्हणते, लोक हसतील. आपण काय सांगाल?

सप्रेम नमस्कार,

लोक हसतील की नाही हा प्रश्न पुढचा, कारण आपल्या राज्याच्या कायद्याने तिथवर पोहोचण्याची वेळच येऊ दिलेली नाही. टेक्ससच्या निवडणूक संहितेत या विषयावर एक छोटे कलम आहे. ज्या दोन पदांवर एकच व्यक्ती कायद्याने राहू शकत नाही आणि ज्यांचे मतदान एकाच दिवशी आहे, त्या दोन्ही पदांसाठी उमेदवाराने अर्ज भरू नयेत, असे ते सांगते. दोन निवडणुका वेगवेगळ्या संस्था घेत असल्या तरी दिवस एक असला की हे कलम लागू होते. कोणी तरीही दोन अर्ज भरलेच तर काय, याचेही उत्तर तिथेच आहे: आधी दाखल झालेला अर्ज टिकतो आणि त्यानंतरचा प्रत्येक अर्ज अवैध ठरतो.

हे शेवटचे वाक्य आपल्या मित्रांना मोठ्याने वाचून दाखवावे, कारण त्यांच्या सल्ल्यातला धोका नेमका तिथे आहे. समजा, सिटी हॉल आपल्या ऑफिसच्या वाटेवर आहे म्हणून मंगळवारी दुपारी आपण कौन्सिलचा अर्ज सिटी सेक्रेटरीकडे देऊन आलात आणि शाळेचा अर्ज शुक्रवारी सवडीने स्कूल डिस्ट्रिक्टच्या (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) कार्यालयात नेऊन दिलात. तर आपल्याला मनापासून हवी असलेली शाळेची उमेदवारी बाद होईल आणि गाडी थांबवायला सोपे पडले म्हणून भरलेली कौन्सिलची उमेदवारी गळ्यात राहील. महाराष्ट्रात डमी अर्ज भरून ठेवायचा आणि माघारीच्या दिवशी हिशेब करायचा, ही आपल्या हाडीमासी भिनलेली पद्धत आहे. टेक्ससमध्ये तो हिशेब पहिला अर्ज देतानाच होऊन जातो.

आता आपण विचाराल की ही दोन पदे एकत्र चालत नाहीत, हे ठरवले कोणी. राज्यघटनेतली बंदी पगारी पदांपुरती आहे: एका माणसाने एका वेळी मानधनाचे एकच सार्वजनिक पद धारण करावे, असा तिचा रोख आहे. टेक्ससमध्ये स्कूल बोर्डाचे सदस्य, ज्यांना तिथे ट्रस्टी म्हणतात, विनामोबदला काम करतात. त्यामुळे एखादा हुशार मित्र म्हणेल की घटना इथे आडवी येत नाही, आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे बरोबरही असेल. परंतु घटनेच्या जोडीला न्यायालयांनी घडवलेले एक जुने तत्त्व आहे, परस्परविसंगत पदांचे. स्वतःच स्वतःची नेमणूक करता येईल, स्वतःच स्वतःचा वरिष्ठ होता येईल किंवा दोन संस्थांवरच्या निष्ठा एकमेकींना काटतील, अशी दोन पदे एका हातात असू नयेत, असे ते तत्त्व आहे. लबकजवळच्या ॲबरनॅथी या गावातल्या वादावर १९२७ मध्ये जो निकाल लागला, त्यात नगर परिषदेचे सदस्यत्व आणि स्कूल ट्रस्टीचे पद याच जोडीचा प्रश्न होता. शाळेच्या इमारती गावाच्या हद्दीत उभ्या असतात. त्या इमारतींतली स्वच्छता, आगीपासूनचा बचाव, पोलिसी नियमन यांवर नगर परिषदेचा अधिकार चालतो. तेव्हा एकच माणूस एका खुर्चीत बसून नियम लावणार आणि दुसऱ्या खुर्चीत बसून ते आपल्याला परवडत नाहीत म्हणणार, हे चालायचे नाही, असा त्या निकालाचा आशय. जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी आपला प्रश्न त्याच निकालापाशी येऊन थांबतो.

मित्रांचे दाखले खोटे नाहीत, पण दोन्ही इथे लागू पडत नाहीत. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका उमेदवाराला दोन मतदारसंघांतून उभे राहता येते. १९९६ च्या दुरुस्तीपूर्वी तर दोनाचीही मर्यादा नव्हती आणि अटलबिहारी वाजपेयी १९५७ मध्ये तीन ठिकाणांहून लढले होते. मात्र ते एकाच प्रकारच्या पदासाठी, एकाच सभागृहाच्या दोन जागांसाठी उभे राहणे आहे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ मध्ये हनमकोंडा आणि आपल्याकडचे रामटेक अशा दोन ठिकाणी उभे राहिले, हनमकोंड्यात हरले आणि रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. विमा उतरवावा तर असा. प्रकाश आंबेडकर २०१९ मध्ये अकोला आणि सोलापूर अशा दोन ठिकाणी लढले आणि दोन्हीकडे पराभूत झाले, म्हणजे विमा नेहमीच वटतो असेही नाही. शिवाय दोन्हीकडे जिंकणाऱ्याला एक जागा सोडावी लागते आणि तिथल्या मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. २०२४ मध्ये वायनाडच्या लोकांनी सहा-सात महिन्यांत दोनदा खासदार निवडला तो यामुळेच.

जॉन्सन यांची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याच राज्यातली आहे आणि तिचा उत्तरार्ध आपल्या मित्रांनी बहुधा वाचलेला नाही. जॉन्सन सिनेटमधले बहुमत पक्षाचे नेते होते, १९६० मध्ये त्यांची सिनेटची मुदत संपत होती आणि त्याच वर्षी त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती. ती हुकली तर सिनेटही हातची जाऊ नये म्हणून टेक्ससच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये निवडणूक कायदा बदलला. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जुलैवरून मे महिन्यात आणली आणि राष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याच मतपत्रिकेवर दुसऱ्या पदासाठीही उभे राहण्याची मुभा दिली. लोक त्याला ‘जॉन्सन कायदा’च म्हणत. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी केनेडींना मिळाली, जॉन्सन त्यांचे जोडीदार झाले आणि नोव्हेंबर १९६० मध्ये एकाच दिवशी ते उपराष्ट्राध्यक्षही झाले आणि जॉन टॉवर नावाच्या एका तरुण प्राध्यापकाला हरवून सिनेटवरही निवडून आले.

पुढे काय झाले? जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी सिनेटची जागा सोडली, गव्हर्नरांनी तात्पुरता माणूस नेमला आणि पोटनिवडणूक लागली. तिच्यात सत्तरहून अधिक उमेदवार उतरले. मेअखेरीस झालेल्या दुसऱ्या फेरीत निवडून आले ते हेच जॉन टॉवर, ज्यांना सहा महिन्यांपूर्वी जॉन्सन यांनी पाडले होते. गृहयुद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासून टेक्ससने रिपब्लिकन सिनेटर पाठवला नव्हता. टॉवर त्या खुर्चीत १९८५ पर्यंत बसले. जॉन्सन यांचा विमा त्यांना स्वतःला पुरेपूर वटला, हप्ता मात्र त्यांच्या पक्षाने भरला. याच सवलतीचा फायदा १९८८ मध्ये लॉइड बेन्ट्सन यांनी घेतला: उपराष्ट्राध्यक्षपद हुकले, सिनेट राहिली. मुद्दा एवढाच की ही सवलत देशाच्या सर्वोच्च दोन पदांच्या उमेदवारांसाठी आहे. शहराच्या वॉर्डातल्या माणसासाठी ती कोणी केलेली नाही.

प्रत्येक राज्याचे याबाबतचे घड्याळ वेगळे आहे, हेही ध्यानात घ्यावे, कारण दुसऱ्या राज्यातला भाचा किंवा मेहुणा फोनवर आत्मविश्वासाने वेगळेच सांगेल. डेलावेअरमध्ये जो बायडन २००८ मध्ये एकाच दिवशी सिनेटर म्हणूनही निवडून आले आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणूनही. इंडियानात मात्र माइक पेन्स यांना २०१६ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना गव्हर्नरपदाच्या फेरनिवडणुकीतून नाव काढून घ्यावे लागले. केंटकीत एका मतपत्रिकेवर एका उमेदवाराचे नाव दोनदा येऊ शकत नाही. सिनेट आणि राष्ट्राध्यक्षपद दोन्ही लढवू पाहणाऱ्या सिनेटर रँड पॉल यांचा तो कायदा बदलून घेण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा राज्यातल्या त्यांच्या पक्षाने २०१६ पुरती राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरीच बाजूला ठेवून मार्चमध्ये वेगळे कॉकस, म्हणजे पक्षानेच भरवलेले मतदान, घेतले, म्हणजे छापील मतपत्रिकेचा प्रश्नच उरू नये. खर्चाचा मोठा वाटा पॉल यांनी उचलला, आणि त्या कॉकसला महिना राहिला असताना, आयोवातल्या पहिल्याच मतदानानंतर, ते शर्यतीतून बाहेर पडले. एवढा खटाटोप करून त्यांच्या कामी आली ती सिनेटचीच निवडणूक.

आता मी आपल्या पत्राकडे परत येतो, कारण उत्तर मला तिथेच सापडले. शाळेविषयी आपण काय केले ते लिहिले आहे: पाच सभा, तीन-तीन मिनिटे, बदललेल्या हद्दी, अंदाजपत्रक, शिक्षकांची गळती. शहराविषयी एक वाक्य आहे आणि त्याची सुरुवात ‘शिवाय’ने होते. ज्या विषयाला पत्रात ‘शिवाय’ लावावे लागते, त्या विषयाची खुर्ची मागू नये. सिटी कौन्सिलचे काम कमी महत्त्वाचे आहे असे मुळीच नाही. २०१७ मध्ये हार्वी वादळात ज्यांच्या दिवाणखान्यात पाणी शिरले त्यांना निचऱ्याच्या नाल्याचे महत्त्व कोणी सांगायला नको. पण ते पद मागणाऱ्याला कोणता नाला कोणत्या पावसात तुंबतो, त्याच्या देखभालीची जबाबदारी शहराची की काउंटीची की ड्रेनेज डिस्ट्रिक्टची, हे दारात विचारले जाईल आणि ते सांगता आले पाहिजे. शाळेबाबत असे कोणी विचारले तर आपण दारातच अर्धा तास उभे राहाल, याची मला खात्री वाटते.

स्कूल बोर्डाच्या हाती काय असते याबद्दल मात्र भ्रम नसावा. बोर्ड सुपरिंटेंडेंटची, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक करते, अंदाजपत्रक आणि शाळेच्या कराचा दर ठरवते, वार्षिक कॅलेंडर मंजूर करते, धोरणे आखते. वर्गात कोण शिकवणार किंवा अमक्या मुलाला कोणत्या तुकडीत घालायचे, हे एकट्या ट्रस्टीच्या हातात नसते. दिवाळीची सुट्टी हवी असेल तर ती कॅलेंडरवरच्या मतदानात बहुमताने मिळवावी लागते, म्हणजे उरलेल्या सदस्यांतल्या निम्म्यांना तरी पटवावे लागते. मंडळाचे अध्यक्षपद दोन वर्षे सांभाळलेल्या माणसाला हे कौशल्य नवे नाही, असे गमतीने म्हणता येईल. फरक इतकाच की इथल्या बैठका जाहीर असतात.

मित्रांच्या सल्ल्यात एक योग्य शंका दडलेली आहे: आज एक जागा निवडली तर दुसरी कायमची गेली का? नाही. पण इथे टेक्ससच्या घटनेतली एक तरतूद माहीत असावी, जिच्यामुळे दोन्ही दिशांचा प्रवास सारखा राहत नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे शहरी पद धारण करणाऱ्याने, मुदतीतले एक वर्ष तीस दिवसांहून अधिक शिल्लक असताना, दुसऱ्या एखाद्या पदासाठी उमेदवारी जाहीर केली, तर ती घोषणाच त्याचा राजीनामा मानली जाते. अर्ज भरण्याचीही वाट पाहिली जात नाही. तीन किंवा चार वर्षांच्या मुदतीवर कौन्सिलमध्ये बसलेल्या माणसाने गणपतीच्या आरतीनंतर माईक हातात घेऊन ‘पुढच्या खेपेला स्कूल बोर्ड’ असे उत्साहात म्हटले, तर प्रसादाच्या रांगेत तो माजी सदस्य म्हणून उभा असू शकतो. स्कूल ट्रस्टीचे पद या तरतुदीच्या यादीत नाही. त्यामुळे शाळेकडून पुढे शहराकडे जाणे त्या मानाने मोकळे आहे. फक्त विसंगत असलेल्या दुसऱ्या पदाची शपथ घेतली की पहिले पद आपोआप सुटते, हे ध्यानात ठेवायचे. शाळा आधी आणि शहर नंतर, या क्रमाच्या बाजूने हेही एक कारण आहे.

क्रमाने जाणाऱ्यांना उशीर होतो असे वाटत असेल, तर मिशिगनच्या श्री ठाणेदार यांच्याकडे पाहावे. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभा राहिला आणि तिसरा आला. मग २०२० मध्ये राज्याच्या हाउसवर, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून आला आणि २०२२ मध्ये तिथली फेरनिवडणूक सोडून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, प्रत्येक खेपेला मतदारासमोर एकच मागणी होती.

हे मी आपल्या पत्नीच्या म्हणण्याच्या संदर्भात लिहितो आहे. त्यांनी ‘लोक हसतील’ म्हटले. मी थोडे वेगळे म्हणेन. मे महिन्याच्या स्थानिक निवडणुकांना मतदार कमी येतात, पक्षाची चिन्हे बहुतेक ठिकाणी नसतात आणि निकाल पुष्कळदा थोड्या मतांवर लागतो. अशा ठिकाणी शेजारचा माणूस आपल्याला मत देतो तो आपण कशासाठी उभे आहोत हे त्याला एका वाक्यात सांगता येते म्हणून. दोन वाक्ये झाली की तो ‘बघू’ म्हणतो, आणि मराठी माणसाच्या ‘बघू’चा अर्थ आपल्याला ठाऊक आहेच.

पैशाबाबत दोन गोष्टी वेळेवर सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांकडून चुका होतात त्या इथे. देणगीचा पहिला डॉलर घेण्याआधी किंवा खर्च करण्याआधी मोहिमेचा खजिनदार नेमल्याचा फॉर्म दाखल झालेला असला पाहिजे. खजिनदार म्हणून स्वतःचेच नाव देता येते. आणि ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही आणि ग्रीन कार्डही नाही, त्यांच्याकडून एक छदामही घेऊ नये: एच-वन-बी व्हिसावरचा जिवलग मित्र, विद्यार्थी भाचा, सांगलीहून कौतुकाने पाठवू पाहणारे वडील, कोणीही. ही संघीय कायद्याची बंदी आहे आणि ती गावातल्या छोट्या निवडणुकीलाही लागू आहे. तोच मित्र विनामोबदला दारोदार फिरू शकतो, पाट्या रोवू शकतो. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत मात्र त्याने बसू नये.

मराठी मंडळाचेही तसेच. मंडळाला करमुक्त धर्मादाय संस्थेचा, म्हणजे पाचशे एक सी तीनचा, दर्जा असेल तर त्याच्या व्यासपीठावरून, ईमेल यादीवरून किंवा स्मरणिकेतून आपल्या उमेदवारीचा प्रचार होऊ शकत नाही, आपण माजी अध्यक्ष असलात तरीही. सगळ्या उमेदवारांना सारखेच बोलावून प्रश्नोत्तरांची सभा घेता येईल. ही बंदी १९५४ मध्ये करकायद्यात घालून घेणारे सिनेटर कोण, तर लिंडन जॉन्सन. मित्रांनी जॉन्सन यांचा दाखला पुन्हा दिला तर हाही द्यावा.

तेव्हा पुढचे दिवस असे: नव्या वर्षाच्या सुरुवातीला डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून स्कूल बोर्डाच्या उमेदवारीचा अर्ज आणावा. राज्यात बारा महिने आणि त्या हद्दीत सहा महिने वास्तव्य, मतदार म्हणून नोंदणी या अटी आपण पूर्ण करता असे पत्रावरून दिसते, तरी हद्दीच्या नकाशावर आपले घर स्वतः बोट ठेवून पाहावे, कारण स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द आणि शहराची हद्द पुष्कळदा एकमेकींवर बसत नाहीत. अर्जावर शपथ घ्यायची असते, म्हणून नोटरीसमोर सही करावी. मुदत मतदानाच्या ७८ दिवस आधी सायंकाळी ५ वाजता संपते. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, म्हणजे काही चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहील. उत्साहाच्या भरात कौन्सिलचा अर्ज आधीच देऊन बसला असाल, तर दुसरा अर्ज भरण्यापूर्वी तो लेखी आणि नोटरीसमक्ष मागे घ्यावा लागेल, आणि हे पाऊल सिटी सेक्रेटरीशी आणि निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलल्याशिवाय टाकू नये. अर्ज दिल्यावर तारीख आणि वेळेचा शिक्का असलेली प्रत मागून घ्यावी आणि घरी नेऊन पत्नीच्या हाती द्यावी.